विश्लेषण : कंपनीच्या तिजोरीतला एक रुपया बाजाराला एक रुपया का वाटत नाही?

इन्फोसिसने सप्टेंबर २०२५ मध्ये १८ हजार कोटी रुपयांच्या समभाग पुनर्खरेदीची (बायबॅक) घोषणा केली. तिकडे जपान आणि दक्षिण कोरियात रोख साठवून बसलेल्या कंपन्यांवर शेअर बाजार आणि सरकार दबाव आणत आहेत. कंपनीकडे भरपूर पैसा असणे ही चांगलीच गोष्ट. मग भागधारक तो परत का मागतात?

कंपन्या रोख का साठवतात?

कारण धंद्याच्या स्वरूपात असते. माहिती तंत्रज्ञान कंपनीकडे गहाण ठेवायला यंत्रे वा गोदामे फारशी नसतात, पण हजारो कर्मचाऱ्यांचा पगार दरमहा द्यावाच लागतो. त्यामुळे अडीअडचणीसाठी तिला स्वतःचीच गंगाजळी लागते. साखर कारखान्याचे गणित उलटे. ऊस चार-पाच महिन्यांत गाळला जातो, साखर वर्षभर विकली जाते आणि शेतकऱ्याला मात्र एफआरपी १४ दिवसांत द्यायची असते. पैसा साखरेच्या पोत्यांत अडकतो आणि कारखाना साखर तारण ठेवून बँकेकडून कर्ज उचलतो.

उत्पन्न जितके बेभरवशाचे, संशोधनावरचा खर्च जितका मोठा आणि कर्ज मिळणे जितके अवघड, तितकी रोख जास्त ठेवली जाते. अमेरिकेत १९८० ते २००६ या काळात कंपन्यांच्या एकूण मालमत्तेतील रोखीचे सरासरी प्रमाण दुपटीहून अधिक वाढले, त्यामागे प्रामुख्याने हीच कारणे असल्याचे अभ्यासकांना आढळले.

मग अडचण कुठे येते?

गरजेपेक्षा जास्त पैसा हाती असला की तो कुठे खर्च करायचा हे व्यवस्थापन ठरवते आणि त्याला विचारणारे कोणी नसते. कर्ज घेताना बँक प्रश्न विचारते. स्वतःच्या तिजोरीतून काढताना फक्त संचालक मंडळ विचारू शकते. ते गप्प बसले, तर महागडी अधिग्रहणे किंवा प्रवर्तकांच्याच दुसऱ्या कंपन्यांशी व्यवहार होतात. अर्थतज्ज्ञ मायकेल जेन्सन यांनी १९८६ मध्येच हा धोका मांडला होता.

बाजार हा धोका किमतीत धरतो. डिट्मार आणि मार्ट-स्मिथ यांच्या २००७ मधील अभ्यासानुसार, कारभार ढिसाळ असलेल्या अमेरिकी कंपनीकडील एका डॉलरची किंमत बाजार ४२ ते ८८ सेंटच करतो. कारभार चांगला असेल तर ही किंमत साधारण दुप्पट होते.

भारताचा अनुभव काय सांगतो?

सत्यम हे त्याचे टोकाचे उदाहरण. १६ डिसेंबर २००८ रोजी कंपनीने प्रवर्तक कुटुंबाशी संबंधित दोन मेटास कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरना घेण्याचे ठरवले. गुंतवणूकदार खवळले आणि काही तासांत निर्णय मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबुली दिली : ताळेबंदातील ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते. समभाग त्या दिवशी तीन चतुर्थांशाहून अधिक कोसळला. संचालक मंडळावर नामवंत स्वतंत्र संचालक होते, तरीही हे घडले. म्हणजे संचालकांची संख्या किंवा नावे पुरेशी नसतात.

इन्फोसिसने २०१७ मध्ये १३ हजार कोटींची पहिली पुनर्खरेदी केली, तीही भागधारकांच्या दबावानंतर. आता बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना लाभांश धोरण जाहीर करणे ‘सेबी’ने बंधनकारक केले आहे.

जपान, कोरियात काय बदलते आहे?

मार्च २०२३ मध्ये टोकियो शेअर बाजाराने कंपन्यांना भांडवली खर्च आणि समभागाच्या किमतीचा विचार करून आराखडा जाहीर करण्यास सांगितले. तेव्हा ‘प्राइम’ गटातील जवळपास निम्म्या कंपन्यांचे बाजारमूल्य पुस्तकी मूल्याहून कमी होते. जानेवारी २०२४ पासून आराखडा देणाऱ्यांची यादीच प्रसिद्ध होऊ लागली. ज्यांचे नाव नाही, ते आपोआप उघडे पडले. कोरियाने जुलै २०२५ मध्ये कायदा बदलून संचालकांची बांधिलकी कंपनीपुरती न ठेवता भागधारकांपर्यंत नेली.

पैसा परत करणे हाच उपाय का?

नाही. पुनर्खरेदीपायी नवे तंत्रज्ञान किंवा विस्तार थांबला, तर कंपनी आतून पोकळ होते. मंदीत कर्ज आटते, तेव्हा शिल्लक असलेलीच तगते. प्रश्न रोख किती हा नसून ती कशासाठी ठेवली आहे, याचे उत्तर कंपनी देते का, हा आहे.

‘एसआयपी’ किंवा भविष्य निर्वाह निधीमार्फत आता सामान्य पगारदाराचा पैसाही या कंपन्यांत आहे. त्याला वार्षिक अहवालात काही खुणा तपासता येतात : शिलकीच्या मानाने व्याजाचे उत्पन्न जुळते का, मोठी रोख असूनही कंपनी मोठे कर्ज का घेते, संबंधित कंपन्यांना किती पैसा गेला. अर्थात सत्यमने व्याजही खोटेच दाखवले होते. म्हणूनच लेखापरीक्षक आणि संचालक मंडळाची जबाबदारी गुंतवणूकदारावर ढकलता येत नाही.