बियाण्याची पिशवी

आमचे भाचेबुवा गडचिरोलीकडे मास्तर आहेत. गेल्या मे महिन्यात चंद्रपूरला आमच्याकडे उतरले ते एक जुनापुराणा संगणक काखोटीला मारूनच. "मामाजी, याचा कर्नल मी स्वतः बांधणार आहे," म्हणाले. सौभाग्यवतींनी लगबगीने पदर सावरला. त्यांना वाटले, पाठोपाठ कोणी लष्करी पाहुणे येताहेत!

तर वाचकहो, हा कर्नल म्हणजे संगणकाच्या कारभाराचा गाभा. लिनक्सचा कर्नल १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिला आणि पुढे तो सर्वांना खुला झाला. हौस असेल त्याने तो आपल्या यंत्राच्या मापाने बेतून घ्यावा. भाचेबुवांनी नको ते सारे वगळून तो हलका केला. चंद्रपूरचा उन्हाळा, दिवसा यंत्र तापे, म्हणून दोन रात्री जागून!

जूनमध्ये मूळ प्रणालीच बिघडली. शाळा उघडायला चार दिवस. भाचेबुवांनी फोटो, प्रश्नपत्रिका आणि कर्नलची फाइल काढून ठेवली, डिस्क पुसली, प्रणाली नव्याने बसवली आणि कर्नल जागेवर ठेवला. यंत्र सुरू झाले; पण ना आवाज, ना वायफाय! ती कामे करणारी मॉड्यूल निराळ्या कप्प्यात असतात आणि ती त्याच कर्नलच्या जोडीची लागतात. तो कप्पा पुसला गेला होता. बरे, पुन्हा बांधावीत, तर कशाला 'हो' आणि कशाला 'नाही' म्हटले होते त्याची नोंद, ती 'कॉन्फिग' नावाची चिमुकली फाइल, तीही गेलेली. तिची एक प्रत कर्नलच्या पोटात ठेवता येते. भाचेबुवांनी जागा वाचवायला नेमकी तीच सोय वगळली होती!

इंग्रजीत या शब्दाचा अर्थ दाणा. आमच्याच जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली शेतातल्या धानात वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी निराळ्या राखल्या आणि त्यांतूनच 'एचएमटी' तांदूळ आला. त्या लोंब्या बाकीच्या धानाबरोबर कांडल्या असत्या, तर चार घास भात झाला असता, इतकेच.

भाचेबुवांना आणखी दोन रात्री जागावे लागले. या खेपेस मात्र त्यांनी कर्नल, मॉड्यूल आणि कॉन्फिग यांचे एकच पॅकेज बांधले. डेबियन घराण्यात तशी सोय आहे. पुन्हा बसवताना सुरुवातीच्या फायली आणि बूटची यादी तेच ठीकठाक करते. कॉन्फिगची एक प्रत त्यांनी स्वतःलाच ईमेलनेही धाडली.

परवा दसऱ्याला आले, तेव्हा सौभाग्यवतींनी दारातच विचारले, "कर्नलसाहेब बरोबर आहेत ना?" भाचेबुवांनी खिशातून पेनड्राइव्ह काढून दाखवला.