टेलरची टेप आणि डॉक्टरची टेप

लग्नसराई आली की आमच्या दवाखान्यात चक्कर येणाऱ्या मुलींची संख्या वाढते. गेल्या हंगामात अशीच एक एकोणीस-वीस वर्षांची मुलगी आईबरोबर आली. सख्ख्या भावाच्या हळदीच्या दिवशी ती चक्कर येऊन पडली होती. विचारपूस केल्यावर कळले की महिनाभर ती एकवेळच जेवत होती. का, तर ब्लाऊज आणि घागरा मुद्दाम एक माप लहान शिवायला टाकला होता.

"काका, मी पेअर आहे ना, म्हणून," ती म्हणाली.

मला आधी पेरूच ऐकू आले! मग तिने समजावून सांगितले. मोबाइलवर हल्ली बायकांच्या शरीराला फळांची नावे देतात. पोट सुटलेली ती सफरचंद, कंबर बारीक पण नितंब आणि मांड्या भरलेल्या ती पेअर, म्हणजे आपली नासपती. आपण नासपती असल्याचे हिने मनाला लावून घेतले होते. तपासले तर रक्त कमी, रक्तदाब कमी, आणि कंबर जेमतेम अठ्ठावीस इंच. प्रकृतीच्या दृष्टीने तिची ठेवण उत्तम होती. उपाशी राहून तिने तीच बिघडवली.

वाचकहो, आपल्या अंगाची ठेवण ओळखून कपडे निवडावेत, या मताचा मीही आहे. नीटनेटका, अंगाला शोभणारा कपडा घातला की माणूस ताठ चालतो. तक्रार आहे ती दोन गोष्टींबद्दल. आपण माप खोटे घेतो, आणि घेतलेले माप चुकीच्या काळजीसाठी वापरतो.

आधी माप कसे घ्यायचे ते पाहू. शिंप्याची कापडी टेप घ्या. अंगावर पातळ कपडा ठेवून, सरळ उभे राहून, नेहमीसारखा श्वास सोडल्यावर चार मापे घ्या : खांद्याच्या एका हाडापासून दुसऱ्यापर्यंत, छातीचा सर्वांत भरलेला भाग, कंबर, आणि नितंबांचा सर्वांत रुंद भाग. टेप जमिनीला समांतर हवी, आवळलेली नको. कंबर म्हणजे पट्ट्याची जागा नव्हे. बाजूने चाचपून सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधा. त्या दोहोंच्या मधोमध जे माप येते ती कंबर. पोट आत ओढून मापलेली कंबर स्वतःलाच फसवते.

आता ठेवण ओळखा. छातीपेक्षा नितंबांचे माप बरेच मोठे असेल तर कमरेपासून घेर असलेला कुर्ता, वर उजळ व खाली गडद रंग, आणि नक्षी खांद्या-गळ्याजवळ, हे शोभते. कंबर छाती-नितंबांच्या बरोबरीने किंवा त्याहून मोठी असेल तर छातीपासून सरळ खाली पडणारा कपडा, त्रिकोणी गळा, उभ्या रेषा घ्याव्यात. अंगाला चिकटणारे कापड नको, आणि कडक खळ दिलेली, फुगून राहणारी साडीही नको. सगळी मापे जवळजवळ सारखी असतील तर चुण्या, घेर, आडवी नक्षी खुलून दिसते. छाती व नितंब सारखे आणि कंबर बारीक असेल तर कमरेशी बसणारे बहुतेक कपडे चालतात. खांदे फार रुंद असतील तर फुग्याच्या बाह्या टाळाव्यात.

तयार कपड्यांवरच्या आकड्यांवर विसंबू नका. एका कंपनीचा मध्यम तो दुसरीचा लहान असतो. आपल्या सर्वांत भरलेल्या भागाला बसेल तो कपडा घ्या आणि बाकीचा शिंप्याकडून आत घालून घ्या. खांद्याची शिवण मात्र आधीच जागेवर बसलेली हवी, कारण ती सुधारणे कठीण. शिवून घेत असाल तर आत माया भरपूर ठेवायला सांगा. लहान मापाचा कपडा शिवून त्यात अंग बसवायला जाणे म्हणजे उलटा कारभार आहे.

इथपर्यंत शिंप्याचे काम झाले. आता माझे.

आमच्या भागातले एक शिक्षक दरवर्षी न चुकता माझ्याकडे तपासणीला येत. वजन चौसष्ट किलो, उंची साडेपाच फुटांहून थोडी अधिक. मी काट्याकडे पाही आणि म्हणे, "गुरुजी, झकास! वजन एका जागी आहे." तेही अभिमानाने सांगत, "डॉक्टर, वीस वर्षे माझी पँट बत्तीसचीच आहे." मुलीच्या लग्नासाठी ते सदरा शिवायला गेले, तेव्हा त्यांच्या नेहमीच्या टेलरने जुनी वही उघडली आणि म्हणाला, "गुरुजी, छाती तेवढीच आहे, पण पोट चार इंच वाढलंय. आहे का काही?"

गुरुजींनी मला हा किस्सा हसत हसत सांगितला. मी टेप काढली. कंबर अडतीस भरली. पँट बत्तीसची राहिली होती, कारण पट्टा वर्षावर्षाला पोटाखाली घसरत गेला होता. हातापायांचे मांस कमी झाले, पोटावर चरबी चढली, आणि काटा मात्र तिथेच राहिला. उपाशीपोटी साखर तपासली तर एकशे अडुसष्ट. पुन्हा तपासली तरी तेच. पायाची बोटे तर आधीपासूनच बधिर वाटत होती. म्हणजे आजार काही कालचा नव्हता. टेलरला जे वहीत दिसले ते मला इतकी वर्षे दिसले नाही, कारण मी टेप लावलीच नव्हती. ही चूक माझी, हे इथे कबूल करतो.

चरबी किती यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचे, हे फ्रान्समधील डॉक्टर जाँ व्हाग यांनी १९४७ सालीच मांडले होते. मांडी-नितंबांवरची चरबी त्यामानाने निरुपद्रवी असते. पोटात, आतड्यांभोवती आणि यकृतात साठणारी चरबी मात्र इन्सुलिनचे काम बिघडवते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची वाट तिथून सुरू होते. आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर भारतीय माणूस दिसायला सडपातळ पण आतून चरबीचा कसा असतो, हे जगाला दाखवून दिले. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचे आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. उंचीच्या मानाने वजनाचा जो आकडा आम्ही बीएमआय म्हणून काढतो, तो दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के!

म्हणून आपल्याकडे मर्यादा कडक ठेवली आहे. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंचांपर्यंत, आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंचांपर्यंत असावी. गरोदर स्त्रियांना हा हिशेब लागू नाही. आकडे विसरलात तर एवढे लक्षात ठेवा : कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. ती वाढली असेल तर घाबरून उपास करू नका. साखर आणि रक्तदाब तपासून घ्या, रोज अर्धा-पाऊण तास झपाझप चाला, आणि ताटातला भात-पोळी, गोड, तळण कमी करून डाळ-उसळ, भाजी वाढवा.

गंमत पाहा. जिची ठेवण निर्धोक ती मुलगी काळजीने उपाशी राहिली, आणि ज्यांना धोका होता ते गुरुजी बत्तीसच्या पँटवर खूश होते. आपले बरेच कपडे या बाबतीत मुके असतात. साडी, नाडीचा लेंगा, इलास्टिकची पँट पोटाबरोबर वाढत जातात आणि ब्रही काढत नाहीत. ढगळ कपडा जरूर घाला, पण तो लोकांपासून पोट लपवायला असावा, स्वतःपासून नव्हे.

जाता जाता नाडीविषयी. कंबर बारीक दिसावी किंवा साडी सुटू नये म्हणून परकराची नाडी करकचून बांधणाऱ्या भगिनींच्या कमरेवर काळा वळ मी रोज पाहतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील डॉ. वसंत खानोलकर आणि डॉ. सूर्याबाई यांनी १९४५ सालीच घट्ट धोतरामुळे कमरेच्या कातडीला होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी अशाच दोन स्त्रियांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यातील एक लुगडे कमरेशी घट्ट आवळून नेसणारी होती. हा रोग क्वचितच होतो, भीती नको. पण बारीक दोरीऐवजी रुंद कापडी पट्टी वापरा, गाठीची जागा बदलत राहा, घरी सैल नेसा, आणि तिथली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर लाजू नका, दाखवा.

ती मुलगी आता दोन्ही वेळ जेवते. शिंप्याने माया सोडवून ब्लाऊज सैल केला, तो तिला छान दिसतो असे तिची आई सांगत होती. गुरुजी औषध घेतात, पहाटे चालतात. कंबर वर्षात दोन इंच उतरली, बोटांचा बधिरपणा मात्र पुरता गेलेला नाही.

घरातली टेप शिवणाच्या डब्यात पडून असेल. या रविवारी ती काढा, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची कंबर मोजा आणि दिनदर्शिकेवर तारखेसह लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. माझ्या टेबलावर आता वजनकाट्याशेजारी एक टेप कायमची असते.