एकटेच?

मराठी भाषेतला सर्वात संशयी शब्द कोणता, असे मला कुणी विचारले तर मी ताबडतोब सांगेन, ‘एकटेच?’ त्यातला शेवटचा ‘च’ आणि त्यापुढचे प्रश्नचिन्ह यांच्यामध्ये एक अख्खे पोलीस ठाणे दडलेले असते. दोघांनी निघाले की सहल, दहाजणांनी निघाले की यात्रा, चाळीसजणांनी निघाले की टूर; पण माणूस एकटा निघाला की त्याचे नक्की काहीतरी बिनसलेले असते! बायकोशी भांडण तरी, नाहीतर ऑफिसात मेमो तरी. विचारणारा फारच सज्जन असला तर आवाज खाली आणून म्हणतो, “कुणी गेलं का हो?”

या प्रश्नाशी मला आज भांडायचे आहे. मी बँकेत कारकून. बी. कॉम., वय पंचेचाळीस, दोन मुले आणि एक गृहकर्ज. म्हणजे क्रांती वगैरे करायला माझ्याइतका अपात्र मनुष्य शोधून सापडणार नाही. तरीही वर्षातून दोन-तीनदा मी खांद्याला पिशवी अडकवून एस्टीत बसतो आणि एकटाच कुठेतरी जाऊन येतो. एस्टीचा एक पास मिळतो, चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा. त्याचे नाव ‘आवडेल तेथे प्रवास’. सरकारी योजनेला इतके सुंदर नाव सुचणारा माणूस नक्की एकटा फिरलेला असणार! तर अशा फिरण्यातून माझे एक ठाम मत झाले आहे. ते असे की, या देशातल्या निम्म्या गैरसोयी केवळ आपण सहकुटुंब सहपरिवार प्रवास करतो म्हणून टिकून आहेत.

दचकू नका. हिशेब मांडून दाखवतो.

बँकेतल्या माणसाला एलएफसी नावाची सवलत असते. कुटुंबासह प्रवास केला तर भाडे बँक देते. त्यामुळे आम्ही मंडळी ठरलेल्या वर्षी ठरलेल्या टूरवर जातो. आमच्या अशाच एका टूरमध्ये जेवणात आंबलेली आमटी आली. मी तोंड उघडणार, तोच टेबलाखालून सौ.ने पाय दाबला. मेहुणा म्हणाला, “जाऊ दे ना दाजी, मूड कशाला घालवायचा!” मुलगी म्हणाली, “बाबा, प्लीज, सगळे बघतायत.” तेवढ्यात टूर मॅनेजरने अंताक्षरी सुरू केली. ‘म’ आला, बस सुटली, आणि ती आमटी पुढच्या टूरची वाट बघत तशीच पातेल्यात राहिली.

बँकेत एखादे बुडीत कर्ज निर्लेखित करायचे तर खालून वर सात सह्या लागतात. सहकुटुंब प्रवासात मात्र दिवसाला पाच-पन्नास हक्क एकाही सहीशिवाय निर्लेखित होतात. ‘जाऊ दे’ म्हटले की खाते बंद! एकट्या माणसाचे तसे नसते. त्याचा पाय दाबायला टेबलाखाली कुणी नसते.

आता दुसऱ्या पक्षाशीही माझे भांडण आहे. हल्ली एकट्याने फिरणाऱ्यांची एक नवी जात निघाली आहे. ही मंडळी स्वतःचा शोध घ्यायला जातात. तोही लडाखला! डोंबिवलीत जो सापडला नाही तो लडाखला कशाला जाऊन बसेल? पण हे आपले डोंगराकडे तोंड करून बसणार, पाठमोरा फोटो काढून घेणार (एकटे असताना तो काढतो कोण, हे मला पडलेले कोडे आहे) आणि परत आल्यावर ‘जगण्याचा हेतू सापडला’ म्हणून सांगणार. कुठे ठेवला आहे, विचारले तर सांगत नाहीत.

याच महाराष्ट्रात 1905 साली एक मनुष्य एकटाच घराबाहेर पडला. अमरावती जिल्ह्यातला डेबूजी झिंगराजी जाणोरकर. हातात गाडगे, अंगावर चिंध्या आणि जवळ खराटा. गावात शिरायचे, काही न बोलता झाडायला लागायचे आणि रात्री कीर्तनात गावकऱ्यांची डोकी झाडायची. पुढे लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. 1956 साली गेले तेही प्रवासातच. बाबांनी स्वतःचा शोध घेतला की नाही, मला ठाऊक नाही. गावाचा उकिरडा मात्र ते गेल्या गेल्या बरोबर शोधत. बाबांच्याबरोबर चाळीसजणांची टूर असती, तर “बाबा, झाडू राहू द्या, आधी पॉइंट बघून घेऊ,” असे कुणीतरी नक्की म्हणाले असते.

किंवा गांधीजींचे घ्या. 7 जून 1893 च्या रात्री पीटरमॅरित्झबर्गला त्यांना पहिल्या वर्गाच्या डब्यातून ढकलून दिले, कारण तिकीट असूनही ते उतरायला तयार होईनात. तेवीस वर्षांचा परक्या मुलखातला एकटा वकील. त्या डब्यात माझा मेहुणा असता तर? “जाऊ दे ना दाजी, मागच्या डब्यात काय काटे आहेत?” आणि साम्राज्य अजून शाबूत असते!

मी काही साम्राज्यावर सूर्य मावळवायला निघालेलो नाही. माझा मामला वीस रुपयांच्या पाण्याच्या बाटलीचा. बाटलीवर छापील किंमत वीस, दुकानदार मागतो पंचवीस. का? तर “कूलिंगचे.” पॅकबंद मालाला छापील किमतीच्या वर दुकानात एक पैसाही घेता येत नाही. हे बघणाऱ्या सरकारी खात्याचे नाव ‘वैधमापन शास्त्र’ असे आहे. ऐकायला फलज्योतिषाच्या जवळचे वाटते, पण ते खरोखरीचे खाते आहे. शिवाय ग्राहकांच्या हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. लक्षात ठेवायला सोपा: गांधीजी आफ्रिकेतून परत आले ते साल. मी दुकानदाराला फक्त एवढेच म्हणतो, “पंचवीसची पावती द्या.” आजवर एकाही दुकानदाराने ती दिलेली नाही. वीसच घेतात आणि ‘कुठून कुठून येतात’ अशा नजरेने बघतात.

यावर आमचे हेडकॅशिअर म्हणतात, “पाच रुपयांसाठी एवढं? आपल्या एकट्याने काय होणार?” पाहिलेत? पुन्हा तोच शब्द! हेडकॅशिअर कधी एकटे प्रवासाला गेलेले नाहीत. दिवसाअखेर कॅश पाच रुपयांनी कमी भरली तर मात्र हा गृहस्थ आम्हाला रात्री नऊपर्यंत बसवतो.

एकट्याने काय होते हे काऊंटरच्या आतल्या बाजूला बसणाऱ्या माझ्यासारख्याला विचारा. तोंडी तक्रार म्हणजे वाऱ्यावरची वरात. आम्ही “हो हो, बघतो,” म्हणतो आणि चहा पितो. पण कागदावर लिहिलेली, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतलेली तक्रार म्हणजे अकाऊंट पेयी चेक. तो कुणाच्या ना कुणाच्या खात्यात जमा दाखवावाच लागतो. त्या कागदाला गर्दी लागत नाही, घोषणा लागत नाही. त्याला फक्त एक सही लागते.

लॉजचेही असेच. एका गावी रात्री साडेनऊला खोली मागितली. मॅनेजरने माझ्याकडे पाहिले, मग वरच्या पंख्याकडे पाहिले, मग पुन्हा माझ्याकडे.

“सिंगलला रूम देत नाही.”

“का बरं?”

“मागे एक लफडं झालंय.”

मी म्हटले, “साहेब, माझ्या गृहकर्जाचे अकरा वर्षांचे हप्ते बाकी आहेत. त्याआधी मला बँक मरू देणार नाही.” तो हसेना. मग मी पिशवीतून कागद काढला. “ओळखपत्र दाखवूनही एकटा असल्यामुळे खोली नाकारली, एवढं लेखी द्या.” ‘लेखी’ म्हटल्याबरोबर किल्ली आली. खोलीतला पंखा मात्र टेबलावरचा होता.

माझी ही कथा. एकट्या बाईला ती किल्ली मिळवायला काय काय ऐकावे लागते, ते ऐकायला पुरुषाने खुर्चीला घट्ट धरून बसावे.

17 मार्च 2023 पासून एस्टीत बायकांना अर्धे तिकीट झाले आणि सौ. एकटीने फिरू लागली. ‘एकटेच?’पेक्षा ‘एकटीच?’ चौपट संशयी असते. पण त्याने ती डगमगली नाही. पहिल्या फेरीहून आली ती डोके धरून. पाण्याची बाटली जशीच्या तशी.

“दिवसभर पाणी प्यायली नाहीस?”

“अहो, प्रवासात बायका पाणी पितात का कधी?”

हे तिने ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ अशा थाटात सांगितले. तिची आई पीत नसे, आत्या पीत नसे. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी कोरड्या घशाने महाराष्ट्र पालथा घातला आहे, कारण वाटेत जायला धड जागा नाही. मुंबईत 2011 साली बायकांनी ‘राइट टू पी’ म्हणून चळवळच काढली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, असा तिथला न्याय होता. दहाजणांच्या घोळक्यात ही गोष्ट कुणी काढत नाही. सगळ्याजणी एकमेकींकडे बघतात आणि पुढच्या गावाची वाट बघतात.

सौ.बरोबर बघायला कुणी नव्हते. एका तालुक्याच्या गावी स्त्रियांसाठी नवेकोरे स्वच्छतागृह, उद्घाटनाच्या पाटीसह, आणि दाराला कुलूप. किल्ली रखवालदाराकडे. रखवालदार चहाला. चहावाला म्हणाला, किल्ली साहेबांकडे. साहेब मीटिंगमध्ये. सौ. नगरपालिकेत गेली, अर्ज लिहिला, आवक क्रमांक मागून घेतला. (हे शिक्षण माझे. मुलांना शिकवायला गेलो तर ऐकत नाहीत.) महिना गेला, उत्तर नाही. मग तिने माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. कुलपाच्या किल्ल्या किती, त्या कुणाच्या ताब्यात, दार दिवसाचे किती तास उघडे असते. अर्ज परत आला: नियमाप्रमाणे मजकूर दीडशे शब्दांच्या आत हवा. तिने ‘सविनय’ आणि ‘कृपावंत’ असले सगळे काढून टाकले. अर्ज एकदम ताठ झाला.

तीस दिवसांच्या आत उत्तर आले. “सदर ठिकाणी कुलूप आढळून आले नाही, सबब किल्लीबाबतची माहिती निरंक.” सौ. मुद्दाम जाऊन बघून आली. खरोखरच कुलूप नव्हते. बाहेर एक शाळकरी मुलगी तिच्या आजीची पिशवी धरून उभी होती, आणि आजी आत होती.

नळाला मात्र पाणी नाही. तिसऱ्या अर्जाचे 143 शब्द लिहून झाले आहेत. आतली कडीही मोडकी आहे. पण नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय घेता येतो, त्यामुळे कडी चौथ्या अर्जात.