पुठ्ठ्याचा भुईकोट

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात दगडमातीचा किल्ला रचून त्यावर शिवछत्रपतींची आणि मावळ्यांची मातीची चित्रे मांडण्याची जी प्रथा महाराष्ट्रात रूढ आहे, तिचे मूल्य कोणी नाकारणार नाही. परंतु लातूर जिल्ह्यातील औसा, उदगीर येथील बालकांच्या हातून जेव्हा हा किल्ला घडतो, तेव्हा तो बहुधा सह्याद्रीतील डोंगरी दुर्गच असतो, आणि ज्या भुईकोटांच्या तटांखालून ती शाळेला जातात, त्यांना या उत्सवात स्थान मिळत नाही. ही उणीव दूर व्हावी, आणि ती पुठ्ठ्याच्या साहाय्याने दूर व्हावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

औशाच्या किल्ल्याचे मर्म त्याच्या उंचीत नसून त्याच्या सखलपणात आहे. सभोवार चढ आणि मध्ये खोलगट जागा असल्यामुळे दुरून येणाऱ्या शत्रूस त्याचा बहुतेक भाग दिसत नाही, आणि किल्ल्यातील उंच स्थानावरून मात्र शत्रूची फौज लांबवर दृष्टीस पडते. सुमारे 36 मीटर रुंदीचा खंदक त्यास वेढून आहे. हे रहस्य मातीच्या ढिगाऱ्यात उमटत नाही. त्यासाठी उतार, सपाटी आणि खोली मापाने दाखविता आली पाहिजे. 1:600 हे प्रमाण धरले, तर तो खंदक 6 सेंटिमीटर रुंद होतो, आणि खोक्याच्या पुठ्ठ्याचा 3 मिलिमीटर जाडीचा एक थर जमिनीवरील सुमारे पावणेदोन मीटरचा, म्हणजे पुरुषभर उंचीचा, चढ ठरतो. नकाशावरील समोच्च रेषांबरहुकूम असे थर कापून खळीने एकावर एक चिकटवावेत, प्रत्येक थराच्या पोटातील नळ्या आडव्या-उभ्या फिरवाव्यात आणि वाळेपर्यंत वर वजन ठेवावे, म्हणजे पुठ्ठा वाकत नाही. त्याच नळ्यांच्या दिशेने पुठ्ठा सहज गोल वळतो, म्हणून बुरूज त्याचेच व्हावेत. आणि मराठवाड्यातील माळवदाची घरे सपाट छपराची असल्याने लहान खोक्यांतून ती जशीच्या तशी उभी राहतात.

अशा भूमीवर चित्रे मांडून लढाई खेळावी. 3 फेब्रुवारी 1760 रोजी जिचा निकाल लागला ती उदगीरची लढाई मराठ्यांनी किल्ल्याच्या तटावर चढून जिंकलेली नव्हती; उदगीरहून धारूरच्या रोखाने कूच करणाऱ्या निजामाच्या फौजेस सदाशिवरावभाऊंनी इब्राहिमखान गारद्याच्या तोफांसह मार्गातच कोंडले, आणि दौलताबादेसारखा अभेद्य दुर्ग तहाने पेशव्यांच्या पदरात पडला. रसद तुटलेली फौज चढावर किती मंद चालते, तोफेला दृष्टीची वाट कोठून मिळते, हे फाशाने, मोजपट्टीने आणि दोन स्थानांमध्ये ताणलेल्या एका दोऱ्याने बारा वर्षांच्या मुलास उमगते, आणि सनावळ्यांच्या पाठांतराने ते कधीही उमगत नाही.

यास पोरखेळ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या अमदानीत, 1668 पासून, सरहद्दीवरील तटबंदीच्या नगरांच्या लाकूड, कागद व रेशीम यांच्या प्रतिकृती बहुतांशी याच 1:600 प्रमाणात राज्यकारभारासाठी तयार होऊ लागल्या आणि त्यांपैकी अनेक आजही पॅरिसमध्ये जतन केलेल्या आहेत. एच. जी. वेल्ससारख्या विचारवंताने 1913 साली खेळण्यातील सैनिकांच्या लढायांचे नियम ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. खऱ्या युद्धापेक्षा हे लुटुपुटीचे युद्ध कितीतरी श्रेयस्कर, हीच त्याची धारणा होती.

‘लातूर पॅटर्न’मुळे ज्या नगरीचे नाव परीक्षांच्या यशाशी जोडले गेले आहे, त्या नगरीत पुस्तकांच्या खोक्यांना तोटा नाही, उणीव आहे ती हाताने काही घडविण्याच्या निवांत वेळेची. म्हणून शाळांच्या चालकांस आणि पालकांस माझी विनंती आहे, की येत्या दिवाळीतील किल्ल्यांच्या स्पर्धांत एक पारितोषिक केवळ जिल्ह्यातील भुईकोटासाठी ठेवावे, मुलांस एकदा औशाच्या वा उदगीरच्या तटावरून फिरवून मापे घेऊ द्यावीत, आणि त्या आठवड्यापुरती त्यांची शिकवणी बंद ठेवावी.