गौरीचा मुखवटा आणि त्याचा सांचा

तीन वर्षांपूर्वींच्या भाद्रपदांत मूळ नक्षत्रावर गौरींचें विसर्जन झालें आणि त्याच संध्याकाळीं आमच्या गारगोटीच्या घरांत एक लहानसा अनर्थ घडला. मुखवटे जुन्या धोतराच्या मऊ कापडांत गुंडाळून पेटींत ठेवण्याचें काम धाकट्या जाऊबाईंकडे होतें. त्यांच्या हातून कनिष्ठेचा मुखवटा निसटला. नाकाचा शेंडा व एका गालाची कपरी उडाली. मुखवटा शाडूचा, आजेसासूबाईंच्या वेळचा. जाऊबाईंच्या डोळ्यांस धार लागली. त्यांतच भावोजींच्या नोकरीमुळें पुढच्याच महिन्यांत त्यांचें बिऱ्हाड पुण्यास जावयाचें होतें. "जातां जातां घराच्या लक्ष्मीचें तोंड मोडून चाललें," हे त्यांचे शब्द अजून माझ्या कानांत आहेत.

घरांत दोन मतें पडलीं. खंडित मूर्ति पूजेंत ठेवूं नये, हें सर्वांस मान्य होतें. तेव्हां बाजारांतून नवी जोडी आणावी, असें कित्येकांचें म्हणणें. सासूबाई मात्र म्हणाल्या, "माती आहे, ती कधीं तरी मोडायचीच. पण हा चेहरा आपल्या ओळखीचा आहे. तो राहील असें कांहीं करतां येतें का, तें बघा." या प्रश्नाचें उत्तर म्हणजे सांचा. तो आम्हीं कसा केला, हेंच आज सांगावयाचें आहे.

आम्हीं वैशाखापर्यंत थांबलों. कारण भुदरगडाकडील पावसाळ्यांत सांचा वाळतां वाळत नाहीं. प्रथम मोडलेलें नाक व गाल ओल्या शाडूनें भरून, जुनें छायाचित्र पुढें ठेवून, पूर्ववत् घडविले. मग नाकपुड्या, कानामागील पोकळी अशा ज्या खांचांत प्लॅस्टर अडकून बसेल, त्या मेणानें बुजविल्या. मुखवटा पाटावर उताणा ठेवून त्यास साबणाच्या दाट पाण्याचे तीन-चार हात दिले व भोंवतीं मातीचा बांध घातला.

प्लॅस्टर कालवितांना तें पाण्यांत भुरभुरावें, पाणी त्यावर ओतूं नये. नाहीं तर गुठळ्या होतात. पहिला थर पातळ करून कुंचल्यानें बारकाव्यांत बसवावा, म्हणजे हवेचे बुडबुडे राहत नाहींत. त्यावर तागाचे तंतू घालून सुमारें एक इंच जाडीचा थर चढवावा. थोड्याच वेळांत प्लॅस्टर गरम होऊं लागतें. जिप्सम भाजतांना त्यांतील बरेंचसें पाणी निघून जातें. तें पाणी पुन्हा शोषून घेतांना ही उष्णता बाहेर पडते. म्हणून मुलांनीं कितीही हट्ट धरला तरी त्यांचा हात किंवा चेहरा जाड प्लॅस्टरांत घालूं देऊं नये. भाजून गंभीर इजा होते. अर्ध्या-पाऊण तासानें सांचा उलटा करून मुखवटा सोडवावा. आमचा मुखवटा निघतांना दुभंगला. परंतु सांच्यांत चेहरा पूर्ण उमटला होता. जुनी माती सासूबाईंनीं पाण्यांत भिजवून तुळशीच्या बुडाशीं घातली.

ज्येष्ठेचा मुखवटा धड होता. त्यास हा धोका नको म्हणून कोल्हापुरांतील एका मूर्तिकाराकडून रबरी सांचा करून घेतला. रबर लवचीक असल्यामुळें ठिसूळ मुखवट्यावरून अलगद सोलून निघतें.

सांचा उन्हांत चांगला वाळल्यावर कागदाचें काम. रद्दीचे बारीक तुकडे चार दिवस भिजवून कुटले, पिळून घेतले आणि त्यांत चिंचोक्याची खळ व खडूची भुकटी मिसळली. कीड लागूं नये म्हणून खळींत चिमूटभर मोरचूद घातला. तो विषारी आहे, म्हणून हें भांडें स्वयंपाकास पुन्हा वापरूं नये. हा लगदा तेल लावलेल्या सांच्यांत पाव इंच जाडीनें दाबून बसविला. वाळतांना तो किंचित् आकसतो व आपोआप सुटतो. त्यामुळें नवा चेहरा जुन्यापेक्षां केसभर लहान होतो. वर खडूचे दोन हात, घांसून रंग, आणि सर्वांत शेवटीं डोळ्यांची आखणी. ती आम्हीं मूर्तिकाराकडेच सोंपविली. तो हात वर्षानुवर्षांच्या सरावानेंच येतो.

सांच्याची युक्ति कळल्यावर मुलांस दुसरा उद्योग सुचला. पुतण्यांनीं गणपतीपुढील देखाव्यासाठीं गजेंद्रमोक्षांतील मगर केली. दोन जबड्यांचे दोन सांचे, त्यांतून काढलेलीं कागदाचीं पोकळ कवचें, आणि तीं जोडावयास चामड्याची बिजागरी. हळू फिरणाऱ्या मोटारीच्या चाकावर, मध्यापासून बाजूस, एक खिळा बसवून तो तारेनें वरच्या जबड्यास जोडला; चाक फिरतें तसा जबडा उघडतो व मिटतो. भरीव प्लॅस्टरचा जबडा त्या लहान मोटारीस उचलला नसता. हलतीं चित्रें हलतात तीं आंतल्या पोकळपणामुळें!

ही विद्या आपल्याकडे नवी नाहीं. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याच्या सोंगांत कागदाच्या लगद्याचे देवदैत्यांचे मुखवटे नाचवितात. दादासाहेब फाळके यांनीं १९१९ च्या 'कालियामर्दन' चित्रपटांत बाळकृष्णास कृत्रिम सर्पाशीं झुंजविलें. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर चित्रकार व शिल्पकार दोन्ही होते. त्यांच्या १९२० च्या 'सैरंध्री'मधील कीचकवध इतका हुबेहूब वठला कीं तें दृश्य पुढें गाळावें लागलें.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. प्लॅस्टर पाण्यांत शाडूप्रमाणें विरत नाहीं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांत प्लॅस्टरच्या मूर्तींस मनाई सांगितली ती याचसाठीं. सांचा ही घरांत जपण्याची वस्तु, नदींत सोडण्याची नव्हे. त्याच्या पाठीवर वर्ष लिहून तो कोरड्या जागीं ठेवावा.

त्या वैशाखांत आम्हीं एक नव्हे, दोन जोड्या काढल्या. दुसरी जोडी सासूबाईंनीं जाऊबाईंच्या ओटींत घातली, तेव्हां घरांत थोडी कुजबुज झाली. गौरी वेगळ्या म्हणजे घर वेगळें, असा आपल्याकडे समज आहे. सासूबाई एवढेंच म्हणाल्या, "येतां आलें तर इकडेच या. नाहींच जमलें तर हींच तोंडें तिकडे उभीं करा."

पहिल्या वर्षीं जाऊबाई आल्या. गेल्या वर्षीं मुलाच्या आजारपणामुळें त्यांना येतां आलें नाहीं. पूजनाच्या दिवशीं पुण्याहून फोनवर छायाचित्र आलें. सासूबाईंनीं चष्मा लावून तें बराच वेळ न्याहाळलें. "आखणी जरा निराळी झाली आहे," त्या म्हणाल्या, "पण बाई आपलीच आहे." आणि आमच्या गौरींपुढें ठेवलेल्या पुरणपोळीच्या पानाशेजारीं त्यांनीं आणखी एक पान मांडावयास सांगितलें.