सुलट दोन, उलट दोन

गेल्या अंकीं आम्हीं जुन्या छत्र्यांच्या दुरुस्तीविषयीं लिहिलें, त्यावर एका वाचक भगिनीनें 'पुढचा विषय जरा उबदार असूं द्यावा' अशी सूचना केली आहे. योगायोग असा कीं, ज्या विषयानें गेले चार महिने आमचें घर व्यापलें आहे, तो ऊब देणाराच आहे. वाचकांस हसूं येईल तर येऊं द्यावें. पण कबूल करून टाकतों कीं, ज्या हातांनीं आम्हीं पस्तीस वर्षें खडू धरला त्या हातांत हल्लीं लोकरीच्या सुया असतात, आणि सकाळची पूजा आटोपली कीं आम्ही ओटीवर बसून विणूं लागतों.

पहिल्या दिवशीं समोरच्या वाड्यांतले आमचे जुने सहाध्यापक वर्तमानपत्र मागावयास आले, ते दारांतच थबकले. 'गुरुजी, वहिनींची तब्येत बरी आहे ना?' एवढेंच त्यांनीं विचारलें. खरें पाहतां प्रश्न अस्थानीं नव्हता. सौ.च्या बोटांचे सांधे गेल्या पावसाळ्यापासून धरले आहेत. त्यांतच धाकटी कन्या पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली. घरीं विणलेलें टोपरें, मोजे आणि लोकरीचें झबलें यांवांचून बाळंतविडा म्हणजे, सौ.च्या मतें, मिठावांचून ताट. टोपरें झालें, मोज्यांचा एक जोड झाला, झबलें चार बोटें विणून झालें आणि सौ.च्या बोटांनीं पुढें चालण्याचें साफ नाकारलें. 'आई, बाजारांत सुरेख मिळतात,' असें कन्या म्हणाली. सौ. कांहींच बोलली नाहीं. गुंडा आणि सुया तिनें फडताळांत ठेवून दिल्या. तें न बोलणें आम्हांस शाळातपासणीस आलेल्या साहेबांच्या मौनाहूनहि जड वाटलें. आम्ही म्हणालों, 'तूं सांग, हात आमचे.'

अशा रीतीनें वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं आम्ही पुन्हां बिगरींत बसलों. सूत्र, ग्रंथ, तंत्र हे विद्येचे सारे शब्द मुळांत दोऱ्याचे, गांठीचे आणि मागाचे. जन्मभर ते शिकवून दोरा मात्र आम्हीं प्रथमच हातीं धरला. विणकामाचे टाके मूळ दोनच, सुलट आणि उलट. आणि नीट पाहिलें तर एकच, कारण सुलट टाक्याची पाठ म्हणजेच उलट टाका. दोन सुलट, दोन उलट असें एकावर एक विणीत गेलें कीं मनगटाची लवचिक पट्टी होते. एक ओळ सुलट व एक उलट विणली कीं कापड गुळगुळीत दिसतें, पण त्याच्या कडा गुंडाळूं लागतात. पाणिनीच्या सूत्रांवर ज्यानें तारुण्य घालविलें, त्याला इवल्याशा बीजांतून एवढा पसारा उभा राहिल्याचें नवल वाटूं नये; पण वाटलें.

मागावरच्या कापडांत ताणा निराळा आणि बाणा निराळा. येथें दोरा एकच. प्रत्येक फांसा खालच्या फांशांतून डोकें वर काढून उभा असतो. म्हणूनच हें कापड अंगाबरोबर ताणतें, आणि म्हणूनच एक टोंक ओढलें कीं सारें उसवतें. पण उसवलें तरी दोरा वायां जात नाहीं. चूक करूं देणारी आणि चुकीचें भांडवल परत करणारी अशी दुसरी विद्या आमच्या पाहण्यांत नाहीं.

तरीहि चूक लपविण्याचा मोह आम्हांस झालाच. झबल्याची पाठ निम्मी झाली असतां एक टाका केव्हां तरी सुईवरून निसटला आणि खालीं उतरत गेला. रात्रीं दिव्याखालीं पाहिलें तों शिडीसारखी एक रेघ! आम्हीं झबल्याची घडी अशी घातली कीं रेघ आंत जावी, आणि 'आज एवढें झालें' म्हणून सांगितलें. सकाळीं सौ.नें त्यावरून तळहात फिरविला. 'येथें टाका गळला आहे. तुम्हांला केव्हां कळलें?' 'काल रात्रीं.' ती म्हणाली, 'पस्तीस वर्षें पोरांच्या वह्यांवर तांबड्या शाईनें फुल्या मारल्यात. स्वतःची चूक मात्र घडींत?' मग तिनें क्रोशाची सुई मागून घेतली. तिच्या टोंकाच्या आंकड्यांत खालचा फांसा धरावयाचा, शिडीची वरची पायरी त्यांतून ओढून घ्यावयाची, मग त्यावरची, मग त्यावरची. दुखऱ्या बोटांनीं तिनें तीन पायऱ्या दाखविल्या, बाकीच्या आम्हीं चढलों, आणि गळलेला टाका शेजाऱ्यांच्या रांगेंत येऊन बसला. आम्हीं शाळेंत चुका पुष्कळ दाखविल्या. त्या उचलून वर कशा आणाव्या हें किती मुलांस दाखविलें, याचा हिशेब त्या दिवसापासून मनांत चालू आहे.

आमचे धाकटे बंधु बँकेंतून निवृत्त झालेले, व्यवहारी गृहस्थ. 'दादा, हें बायकांचें काम,' असें ते एके दिवशीं जेवतांना म्हणाले. आम्हीं वाचनाच्या बळावर उत्तर दिलें. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत टिटिकाका सरोवरांत ताकिले नांवाचें बेट आहे. तेथें सुयांनीं विणण्याचें काम पुरुषांचेंच, आणि मुलगे तें लहानपणींच शिकतात. युनेस्कोनें २००५ सालीं तेथील वस्त्रकलेस मानवजातीचा ठेवा म्हणून गौरविलें. फ्रान्सच्या लांद प्रांतांतले मेंढपाळ एकोणिसाव्या शतकांत पाणथळ कुरणांत पायांना उंच काठ्या बांधून मेंढरें राखीत आणि राखतां राखतां विणीत. इंग्लंडांत पायमोजे विणण्याचें पहिलें यंत्र १५८९ सालीं बनविणारा विल्यम ली हाहि पाद्री होता. आणि इतकें लांब कशाला? मेंढ्यांमागें चालतां चालतां टकळीवर लोकर कांतणारा धनगर आपण सर्वांनीं लहानपणीं पाहिला आहे. बंधु शांतपणें म्हणाले, 'धनगराचें पोट त्यावर असे. तुमचें कशावर आहे?' आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आम्ही म्हणालों, 'हा आमचा छंद आहे.' तो शब्द तेव्हां आम्हीं सहज वापरला.

पौषांत कन्येस मुलगी झाली. झबल्याची बाही दोन बोटें लांब निघाली. 'वाढत्या अंगाचें आहे,' असें सौ.नें सर्वांस जाहीर केलें. काम संपलें तरी हात राहीनात, म्हणून आम्ही क्रोशाकडे वळलों. सुयांवर सारी ओळ एकदम उभी असते. क्रोशांत आंकड्यावर बहुधा एकच फांसा. साखळी घालावी, तिच्यावर खांब उभे करावे, खांबांतून जाळी फुलवावी. क्रोशाची खरी वीण यंत्रावर सहसा निघत नाहीं; तेव्हां क्रोशाचा रुमाल कोठेंहि दिसला तरी तो बहुधा कोणाच्या तरी बोटांनींच विणलेला असतो. आमचा पहिला रुमाल मात्र सपाट बसेना. प्रत्येक फेरींत आम्हीं टाके फाजील वाढविले आणि त्याची कोबीच्या पानासारखी चुणीदार झालर झाली. थोरली सून महाविद्यालयांत गणित शिकवते. ती म्हणाली, 'मामंजी, ही चूक मोठी नामांकित आहे.' अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत डायना तैमिना या गणितज्ञ बाईंनीं १९९७ सालीं असेच प्रमाणानें टाके वाढवून एक पृष्ठ विणलें म्हणे. एका बिंदूंतून दिलेल्या रेषेला अनेक समांतर रेषा जेथें काढतां येतात, ती भूमिति कागदावर दाखवितां येईना. ती या विणीमुळें विद्यार्थ्यांस हातांत धरतां आली. झालर आम्हीं उसवली नाहीं.

पुढें क्रोशाची अधिक बारीक सुई हवी म्हणून माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खालीं काढली. सुई मिळाली, पण तिच्याबरोबर सात अर्धवट वस्तू निघाल्या. प्रत्येक वस्तु जुन्या धोतराच्या फडक्यांत निगुतीनें बांधलेली. नवें दिसलें कीं जुनें टाकावें हा छंदाचा स्वभावच, अशी आमची समजूत; म्हणून आम्हीं थट्टेनें विचारलें, 'इतक्यांचा कंटाळा आला?' ती म्हणाली, 'कंटाळा कशाला येईल?' आणि एकेक गांठोडें सोडून सांगूं लागली. दाराचें तोरण, मोरांच्या जोडींतला एकच मोर झालेला: वन्संचें लग्न ठरलें. गुलाबी मोज्यांपैकीं एकच पाय: आमची बदली होऊन बिऱ्हाड हललें. देव्हाऱ्याच्या पडद्याची जाळी: थोरल्याला विषमज्वर. वर्ष तिला क्वचितच आठवे. त्या वेळीं घरांत कोण आजारी होतें, तें मात्र अचूक आठवे.

सर्वांत खालीं राखी रंगाचा मोठा स्वेटर होता. पाठ पुरी, पुढा बगलेपर्यंत येऊन थांबलेला, टाके अजून सुईवर रांगेनें उभे. सोबत तिच्या अक्षराची चिठ्ठी: 'छाती बेचाळीस. बगलेस पांच टाके बंद. मग' आणि पुढें कोरें. या घरांत बेचाळीस छाती एकाच माणसाची. 'सासूबाई पडल्या ना, त्या वर्षींचा,' ती म्हणाली. आमची आई १९८८ च्या मार्गशीर्षांत घसरून पडली आणि पुढें तीन वर्षें अंथरुणावर होती. तिचें सारें सौ.नेंच केलें. त्याच थंडींत आम्हीं बाजारांतून एक तयार स्वेटर आणला आणि 'विणीत बसण्यापेक्षां हें बरें' असें चारचौघांत म्हटलें. तें आम्हांस आठवलें. तिला आठवलें कीं नाहीं, हें विचारण्याचें धैर्य झालें नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं हिशेब मांडला. पाठीस ११० टाक्यांच्या १६० ओळी, म्हणजे १७,६००, पुढा तेवढाच, दोन बाह्या मिळून सुमारें १८,०००. गळ्याबगलेची घट वजा केली तरी एका स्वेटरास ५०,००० च्या आसपास टाके. दीर, नणंदा, मुलें, भाचे यांच्या अंगांवर असे किती स्वेटर गेले! आणि त्या सर्वांस आम्हीं 'फावल्या वेळचा चाळा' या तीन शब्दांत बसविलें होतें.

फावला वेळ हा शब्दच फसवा आहे. आयर्लंडांत १८४५ पासून बटाट्याचें पीक बुडून दुष्काळ पडला, तेव्हां कित्येक कुटुंबें स्त्रियांनीं विणलेल्या क्रोशाच्या जाळीवर जगलीं. आंध्रांत गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे; तेथें एकोणिसाव्या शतकांत मिशनऱ्यांनीं हीच जाळी शिकविली आणि पुढें तो माल परदेशीं जाऊं लागला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनीं तेथील स्त्रियांवर १९८२ सालीं पुस्तक प्रसिद्ध केलें. घरचें सारें सांभाळून दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या त्या स्त्रियांस कोणी कामकरी म्हणत नसे. त्या गृहिणी, आणि विणणें त्यांच्या फावल्या वेळचें; म्हणून मोबदलाहि तसाच तुटपुंजा.

आमच्या घरीं मोबदल्याचा प्रश्न नव्हता. वेळ कोणाचा, एवढाच होता. आम्ही मनास येईल तेव्हां विणावयास बसतों. चहा जागेवर येतो. कोणी हांक मारली तर आम्ही 'ओळ पुरी होऊं दे' म्हणतों, आणि घर थांबतें. गेल्या चाळीस वर्षांत सौ.नें 'ओळ पुरी होऊं दे' असें म्हटल्याचें आम्हांस आठवत नाहीं. बंधूंना दिलेलें उत्तर म्हणून अपुरें होतें. छंद आमचा आहे; तिचा तो होऊं दिला नाहीं. ट्रंकेंतल्या त्या सात वस्तू तिनें सोडलेल्या नव्हत्या. त्या तिच्या हातांतून काढून घेतल्या गेल्या होत्या, आणि काढून घेणाऱ्यांत आमचाहि हात होता.

स्वेटर आपण पुरा करूं, असें आम्ही म्हणालों. सौ.नें पाठ आमच्या अंगास लावून पाहिली. 'छाती बेचाळीसच आहे हो. पण तेव्हां हें पोट नव्हतें. उसवा.' आम्हांस वाईट वाटलें, तिला वाटलेलें दिसलें नाहीं. दोन दुपारीं उसवण्यांत गेल्या. इतकीं वर्षें फांशांत राहिलेली लोकर कुरळ्या केसांसारखी निघते. तिच्या लडी करून कोमट पाण्यांत बुडवाव्या, वाळत घालतांना खालीं हलकेंसें ओझें अडकवावें, म्हणजे ती सरळ होते. लडी परसांतल्या दोरीवर ठिबकत असतां आम्हीं विचारलें, 'आतां हिचें काय करावयाचें?' ट्रंकेंतून एवढें निघालें, पण तिनें स्वतःसाठीं विणलेली एकहि वस्तु त्यांत नव्हती. बऱ्याच वेळानें ती म्हणाली, 'सकाळीं बोटें गारठतात. बोटें उघडीं राहतील असे हातमोजे कराल?'

उजव्या हाताचा मोजा झाला आहे. डाव्याचा अंगठ्याशीं अडला आहे. अंगठ्याचे टाके निराळे ठेवावे लागतात आणि तेथें आमची बुद्धि चालत नाहीं. गुरुमाउली स्वयंपाकघरांत आहेत. मघांशीं हांक मारली, तेव्हां आंतून उत्तर आलें, 'थांबा, माझें पान वाचून होऊं दे.' आम्ही थांबलों आहों.