पळसाचा बहर होळीच्या तारखेला बांधू नये



पळस पाहायला जायचे ते होळीच्या सुटीत, हा रायपूर परिसरातील रूढ समज तपासून पाहण्याजोगा आहे. पळसफुलांपासून होळीचा केशरी रंग करण्याची परंपरा असल्याने झाड आणि सण यांची सांगड मनात पक्की बसली असली, तरी होळी चांद्र तिथीनुसार येते. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे आणि ही तूट अधिक महिन्याने भरून काढली जात असल्यामुळे तिची इंग्रजी तारीख पुढेमागे सरकत राहते. २०२४ मध्ये धुळवड २५ मार्चला होती, तर २०२५ मध्ये १४ मार्चला.

पळसाला या गणिताशी कर्तव्य नसते. छत्तीसगडीत परसा म्हणून ओळखले जाणारे हे पानगळीचे झाड साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये, नवी पालवी येण्यापूर्वी, उघड्या फांद्यांवर फुलते, आणि ज्या वर्षी होळी उशिरा येते त्या वर्षी धानाच्या बांधांवरील बहर सहल निघेपर्यंत ओसरून फांद्यांना चपट्या शेंगा लागलेल्या असण्याची शक्यता वाढते.

जपानमध्ये चेरीच्या बहराबाबत ही अडचण निरीक्षणाने सोडवण्यात आली असून, तेथील हवामान संस्था ठिकठिकाणी एक नमुना झाड निश्चित करते आणि त्यावर पाच-सहा फुले उमलली की त्या गावी बहर सुरू झाल्याचे जाहीर करते. टोकियोचे नमुना झाड यासुकुनी देवस्थानाच्या आवारात आहे. छत्तीसगडच्या वनविभागाला बारनवापारा अभयारण्यासारख्या ठिकाणी प्रत्येक बीटमध्ये, म्हणजे एका वनरक्षकाकडे सोपवलेल्या जंगलाच्या भागात, असा एक पळस नेमून त्याची स्थिती दर आठवड्याला कळवता येईल. वनरक्षकाची फेरी एरवीही होतच असल्याने त्यासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही.

नोकरदारांना आणि शाळकरी मुलांच्या पालकांना दिवस आधी ठरवावा लागतो, हा आक्षेप रास्त आहे. परंतु रायपूरहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल इतक्या अंतरावर पळस मुबलक असल्याने दोन-तीन रविवार राखून ठेवणे आणि त्यांपैकी कोणता घ्यायचा हे आठवड्याच्या सूचनेवरून निश्चित करणे बहुतेकांना जमण्यासारखे आहे.

अशा सूचनेत कोठे व केव्हा जाऊ नये हेही नमूद असावे. पळसापाठोपाठ फुलणाऱ्या मोहाची फुले रात्री उमलून पहाटे गळतात आणि गावकरी, विशेषतः स्त्रिया, ती उजाडताच वेचतात. सुकवलेल्या मोहफुलांच्या विक्रीवर अनेक आदिवासी कुटुंबांची उन्हाळ्यातील मिळकत अवलंबून असल्यामुळे त्या वेळी झाडांखाली गाड्या उभ्या करणे किंवा फुले तुडवणे म्हणजे त्यांच्या उत्पन्नालाच धक्का लावणे होय. बहराची वेळ पाहणाऱ्याच्या सुटीवरून न ठरता झाडाच्या स्थितीवरून आणि वेचणाऱ्यांच्या कामाच्या वेळेवरून ठरावी, आणि त्याची सुरुवात वनविभागाने येत्या माघ महिन्यापासून करावी.

— एक वाचक, रायपूर